राजाच्या आधी मठ

वसई माझं माहेर आणि इंग्लंडच्या मध्यभागातलं लेस्टर आता माझं गाव. वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या भिंतींतून वाढलेली झाडं पाहतच मी मोठी झाले. त्यामुळे २०१२ साली लेस्टरमध्ये एका पार्किंगखाली राजा तिसरा रिचर्ड याचा सांगाडा सापडला आणि सगळं शहर राजाबद्दल बोलू लागलं, तेव्हा माझं मन तो जिथे पुरला होता त्या जागेकडे ओढलं गेलं. ती जागा म्हणजे एक मठ. तेराव्या शतकात फ्रान्सिस्कन साधूंनी वसवलेला, १५३८ मध्ये बंद पडलेला आणि पुढे असा नाहीसा झालेला, की त्याचं चर्च नेमकं कुठे उभं होतं हे कुणाला बोट ठेवून सांगता येत नव्हतं. त्या मठाच्या मागे लागून मी अहवाल वाचले, नकाशे पाहिले, जाणकारांना प्रश्न विचारले. पुढे तोच नाद मला जुन्या गोव्यापर्यंत घेऊन गेला. त्यातून जे हाती आलं ते इथे लिहिते.

१. दगडांच्या आधी माणसं समजून घ्यावीत

संत फ्रान्सिसचे अनुयायी १२२४ मध्ये इंग्लंडला पोहोचले. अवघे नऊ जण डोव्हरला उतरले होते. अंगावर करड्या लोकरीचा झगा, कमरेला दोरी, हाती पैसा नाही. शेतजमिनी बाळगून शहरापासून दूर राहणाऱ्या जुन्या मठवासीयांपेक्षा यांची रीत अगदी वेगळी होती. हे भिक्षेवर जगत, गर्दीच्या गावात राहत, लोकांच्या भाषेत प्रवचन करत, आजाऱ्यांकडे जात आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणत. त्यामुळे त्यांचा मठ शोधायचा तर शहरात शोधावा लागतो. तटाच्या आत किंवा लगत, कुणा श्रीमंताने दान दिलेल्या तुकड्यावर.

चर्चची रचनाही या जगण्यातून आली. लोकांनी उभं राहून प्रवचन ऐकायचं म्हणून पश्चिमेला प्रशस्त सभामंडप. पूर्वेला साधूंनी दिवसरात्र प्रार्थना म्हणायची जागा, तिला क्वायर म्हणतात. या दोहोंच्या मधून आडवी जाणारी वाट, आणि बऱ्याच ठिकाणी तिच्यावर उभा केलेला मनोरा. चर्चला लागून चौकोनी अंगण, त्याला चारी बाजूंनी ओवरी, आणि पूर्वेच्या ओवरीला लागून साधूंची सभेची खोली. ही मांडणी सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखीच. कोकणातल्या घराची ओटी दिसली की माजघर कुठे असणार हे सांगावं लागत नाही, तसं इथेही एक भाग ओळखला की दुसऱ्याचा अंदाज बांधता येतो. लेस्टरचा सगळा शोध या अंदाजावर उभा होता.

२. कागदावर विश्वास ठेवावा, पण प्रत्येक कागदाला कुणी, कधी आणि कुठे उभं राहून लिहिलं हे विचारावं

बॉसवर्थची लढाई २२ ऑगस्ट १४८५ ला झाली. रिचर्ड पडला आणि हेन्री ट्यूडर राजा झाला. रिचर्डचं प्रेत लेस्टरला आणून लोकांना दाखवलं गेलं आणि मग फ्रान्सिस्कन साधूंच्या स्वाधीन झालं. जॉन राउस हा त्याच काळातला इतिहासकार, १४९२ मध्ये वारला. त्याने स्पष्ट लिहून ठेवलं आहे की राजाला लेस्टरच्या फ्रान्सिस्कनांच्या क्वायरमध्ये पुरलं. दफनानंतर दहाएक वर्षांनी सातव्या हेन्रीने त्या जागी अॅलाबास्टर दगडाचं स्मारकही बसवलं.

इतका सरळ पुरावा असताना शहरात भलतीच गोष्ट रुजली होती. मठ बंद झाल्यावर जमावाने राजाची हाडं उकरून सोअर नदीत फेकली, असं लोक सांगत. तिचा उगम सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा नकाशाकार जॉन स्पीड याच्या लिखाणात दिसतो. स्पीडने थडगं शोधलं, तिथे त्याला खाजऱ्या झुडपांचं रान दिसलं आणि त्याने लोकांत चाललेली कथा लिहून ठेवली. पण त्याच्याच नकाशात ग्रेफ्रायर्स म्हणजे करड्या झग्यातल्या या फ्रान्सिस्कनांच्या मठाचं नाव ब्लॅकफ्रायर्स म्हणजे डॉमिनिकन साधूंच्या मठाच्या जागी पडलं आहे. तो चुकीच्या मठात उभा राहून थडगं शोधत होता, हे जॉन अॅशडाउन-हिल या इतिहासकाराचं म्हणणं मला पूर्ण पटतं. एका नावाच्या अदलाबदलीने चारशे वर्षं एक राजा नदीत गेला. १८५६ मध्ये तर नदीवरच्या पुलाशेजारी तशी दगडी पाटीही बसली. ती आजही तिथे आहे आणि मी पाहुण्यांना मुद्दाम दाखवते.

स्पीड लिहीत होता त्याच सुमारास दुसऱ्या एका माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं टिपून ठेवलं होतं. मठाची जमीन तेव्हा लेस्टरचा महापौर राहिलेल्या रॉबर्ट हेरिककडे होती. तिथे त्याचं घर होतं, बाग होती. १६१२ मध्ये क्रिस्टोफर रेन (लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल बांधणाऱ्या रेनचे वडील) तिथे गेले. बागेत त्यांना तीन फूट उंचीचा दगडी खांब दिसला. एकेकाळचा इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड याचा देह इथे आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरलेला होता. स्पीडने ऐकीव लिहिलं, रेनने पाहिलेलं. कागद दोन्ही जुने, पण वजन सारखं नाही.

पुढे १७४१ चा रॉबर्ट्सचा नकाशा मिळतो, त्यात ती बाग दिसते. नंतर बाग तुकड्या-तुकड्यांनी विकली गेली, नवा रस्ता निघाला, घरं, बँक, शाळा, कचेऱ्या आल्या. तरी ग्रे फ्रायर्स आणि फ्रायर लेन ही रस्त्यांची नावं टिकली आणि मधे तीन पार्किंगं मोकळी राहिली. फिलिपा लँग्ली या पटकथालेखिकेने इथे खणावं म्हणून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तो या कागदांच्या बळावर.

३. यंत्राला काही दिसलं नाही म्हणजे तिथे काही नाही, असं होत नाही

खणण्याआधी जमिनीत रडारच्या लहरी सोडून पाहिलं गेलं. पाइप दिसले, केबल दिसल्या, राडारोडा दिसला. मठाची भिंत म्हणावी असं काही दिसलं नाही.

याचं कारण आठव्या हेन्रीच्या काळात आहे. रोमशी फारकत घेतल्यावर त्याने देशभरातले मठ बंद केले आणि मालमत्ता ताब्यात घेतली. लेस्टरचा मठ नोव्हेंबर १५३८ मध्ये मोजक्या साधूंनी राजाच्या माणसांच्या हवाली केला. रिकाम्या मठाची किंमत त्याच्या सामानात असे. छताचं शिसं उतरवून वितळवायचं, लाकूड विकायचं, घडीव दगड काढून न्यायचे. जमिनीवरचे दगड संपले की लोक पायाचेही दगड उकरत. भिंत जिथून गेली तिथे लांब चर राहतो, त्यात फुटक्या कौलांचा, पाटीच्या दगडाचा, चुन्याचा निरुपयोगी भाग ढकललेला असतो. रडारला राडा आणि राड्याभोवतीची माती यांत फरक कळत नाही. अनुभवी माणसाच्या हातातल्या थापीला मात्र कळतो. माती मऊ लागते, रंग बदलतो, चुन्याचे खडे दिसू लागतात. लेस्टरमध्ये जे सापडलं ते बहुतांशी भिंती नेल्याच्या खुणा होत्या. न उरलेल्या भिंतींवरून इमारत उभी करायची, हे काम जवळून समजून घेतल्यापासून मला पुरातत्त्व या विषयाचा आदर फार वाढला.

४. राजा पहिल्या दिवशीच सापडला होता, पण मठ सापडेपर्यंत तो राजा नव्हता

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, म्हणून सविस्तर सांगते.

लेस्टर विद्यापीठाच्या पुरातत्त्व पथकाचे प्रमुख रिचर्ड बकली यांनी कामाची पाच उद्दिष्टं लिहिली होती. मठाचे काही अवशेष मिळतात का पाहणं, इमारतींची दिशा ठरवणं, चर्च शोधणं, चर्चमधली क्वायर शोधणं आणि शेवटी राजाची कबर. पाचवं कुणालाच शक्यतेतलं वाटत नव्हतं. चर्च पूर्व-पश्चिम बांधतात, म्हणून चर उत्तर-दक्षिण घ्यायचे ठरले. जमिनीत चर्च असेल तर चर ते कुठे ना कुठे आडवं कापणारच. तीसेक मीटर लांबीचे दोन समांतर चर समाजकल्याण खात्याच्या पार्किंगमध्ये आखले गेले.

काम २५ ऑगस्ट २०१२ ला सुरू झालं. डांबर निघालं, खालचा भराव निघाला आणि त्याच दिवशी पहिल्या चरात माणसाच्या पायांची हाडं दिसली. मॅथ्यू मॉरिस या पुरातत्त्वज्ञांनी ती पाहिली, जागा नोंदवली आणि पुन्हा झाकून टाकली. इंग्लंडमध्ये माणसाची हाडं परवान्याशिवाय हलवता येत नाहीत, हे एक कारण. दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं. ती हाडं मठात कुठे होती हेच अजून माहीत नव्हतं. बाहेरच्या दफनभूमीत असती तर कुणाही शहरवासीयाची ठरली असती. ओवरीत असती तर एखाद्या साधूची.

पुढचे दिवस मठाचे होते. एका चरात ओवरीचा मार्ग लागला. दुसऱ्यात भिंतीला लागून दगडी बाकांच्या खुणा मिळाल्या, म्हणजे साधूंची सभेची खोली. तिथे फरशीच्या लाद्या तिरक्या, शंकरपाळ्याच्या नक्षीत बसवल्याच्या खुणा चुन्यात उमटलेल्या होत्या. सभेची खोली पूर्वेच्या बाजूला असते, तेव्हा चर्च उत्तरेला असणार हे उघड झालं, आणि उत्तरेला दोन जाड भिंतींचे माग मिळालेही. तो अंदाज तपासायला शेजारच्या जुन्या शाळेच्या पार्किंगमध्ये तिसरा चर घेतला. तिथे चर्चचा पूर्वेकडचा भाग आला, आणि मग नकाशावर पाहता पहिल्या दिवशीची हाडं बरोबर क्वायरमध्ये पडत होती. राउसने सव्वापाचशे वर्षांपूर्वी लिहिलेल्या जागी.

तेव्हाच, परवाना हाती घेऊन, जो अॅपलबी या अस्थितज्ज्ञांनी सप्टेंबरच्या सुरुवातीला ती कबर उघडली. खड्डा देहापेक्षा तोकडा आणि वेडावाकडा होता. डोकं एका टोकाला टेकून वर उचललं गेलेलं. शवपेटी नाही, कफन गुंडाळल्याची खूण नाही. कणा एका बाजूला ठळक वळलेला. पावलं नव्हती, नंतरच्या कुठल्यातरी बांधकामात ती गेली होती. ते बांधकाम जरा आणखी सरकलं असतं तर फारसं काही उरलं नसतं.

खोदकाम लोकांना पाहायला खुलं झालं तेव्हा मीही रांगेत होते. तिथल्या एका तरुण स्वयंसेविकेने मला आधी ओवरी दाखवली, मग सभेची खोली, मग चर्चची भिंत आणि सगळ्यात शेवटी कबर. किती योग्य क्रम होता, हे घरी येऊन वाचायला बसल्यावर उमगलं.

५. एक पुरावा कितीही चमकदार असला तरी त्याला सोबत लागते

सांगाड्याच्या पाठीशी लोखंडाचा तुकडा मिळाला. आधी तो बाणाचं टोक वाटला. क्ष-किरणांनी पाहिल्यावर तो रोमन काळातला खिळा निघाला. लेस्टरखाली रोमन शहर आहे, तिथला खिळा मातीसोबत वर आला इतकंच.

कार्बनवरून काढलेलं वय आधी राजाच्या मृत्यूपेक्षा जुनं आलं. पण हा माणूस भरपूर मासळी खाणारा होता हे हाडांच्या रसायनातून कळलं. समुद्रातला कार्बन जुना असतो, त्यामुळे मासळी खाणाऱ्याची हाडं आहेत त्यापेक्षा जुनी भासतात. हिशेब दुरुस्त केल्यावर १४५५ ते १५४० हा काळ आला. वय तिशीच्या सुरुवातीचं. मृत्यूच्या वेळच्या अकरा जखमा, त्यांतल्या नऊ कवटीवर. रिचर्डच्या बहिणीच्या वंशातले, आईकडून मुलीकडे अशा साखळीने जोडलेले दोन वंशज मिळाले, आणि टुरी किंग यांच्या पथकाने केलेल्या तपासणीत त्यांचा आईकडचा डीएनए जुळला. वडिलांकडचा डीएनए मात्र जुळला नाही, म्हणजे मधल्या पिढ्यांत कुठेतरी नोंदलेला बाप खरा बाप नव्हता. ही न जुळलेली गोष्टही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे छापली. २०१४ च्या शोधनिबंधात सगळे पुरावे एकत्र मांडून खात्री ९९.९९९ टक्के असल्याचं म्हटलं आहे. त्या हिशेबात कबरीची जागाही आहेच.

६. जुन्या गोव्यातही कागदाने खिडकी दाखवली आणि मठाने ती ओळखायला लावली

लेस्टरचं वाचत असताना मला सारखं वाटायचं, असं आपल्याकडे कुठे झालं आहे का. झालं आहे, तेही लेस्टरच्या आधी.

ऑगस्टिनियन साधू १५७२ मध्ये गोव्यात आले. मोंते सांतो म्हणजे पवित्र टेकडीवर त्यांनी मठ उभारला आणि १६०२ मध्ये त्यांचं भव्य चर्च पूर्ण झालं. दर्शनी बाजूला जवळजवळ ४६ मीटर उंचीचे मनोरे होते. आज त्यांतल्या एकाचा अर्धा भाग शिल्लक आहे, जांभ्या दगडाचा, आणि दुरूनही तो जुन्या गोव्याची खूण म्हणून दिसतो. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धार्मिक पंथांना गोव्यातून घालवलं. माणसं गेली की पावसाळा इमारतीचा ताबा घेतो. १८४२ मध्ये चर्चचं कमानदार छत कोसळलं. १९३१ मध्ये दर्शनी भिंत आणि मनोऱ्याचा अर्धा भाग गेला. मधे सगळा ढिगारा आणि त्यावर रान.

या ढिगाऱ्यात जॉर्जिया देशाची एक राणी होती. काखेतीची राणी केतेवान इराणच्या शाह अब्बासच्या कैदेत होती. धर्म सोडायला तिने नकार दिला म्हणून सप्टेंबर १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारलं. शिराझमध्ये तेव्हा ऑगस्टिनियन साधू होते. त्यांनी तिचे अवशेष मिळवले आणि त्यांतले काही १६२७ मध्ये गोव्याच्या मठात आले. जुन्या पोर्तुगीज नोंदीत ते कुठे ठेवले हेही लिहिलं होतं: मठाच्या सभागृहातल्या चॅपलमध्ये, एपिसलच्या बाजूच्या दुसऱ्या खिडकीत, दगडी पेटीत.

पत्ता इतका नेमका, तरी शोधायला काळ गेला. १९८० च्या दशकाच्या शेवटापासून जॉर्जियाचे अभ्यासक गोव्यात येत होते. अडचण अशी की खिडकीचा पत्ता मिळून उपयोग नव्हता, आधी ती खोली कोणती हे ठरायला हवं. एपिसलची बाजू म्हणजे वेदीकडे तोंड करून उभं राहिल्यावर उजवा हात. पण वेदी कुठे होती? खोलीचं तोंड कुठे? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाने ढिगारा हटवत, भिंती मोकळ्या करत, मठाचा आराखडा हळूहळू स्पष्ट केला. ओवऱ्या, चॅपल, सभागृह यांची जागा बसली. २००४ मध्ये त्या दुसऱ्या खिडकीच्या परिसरात हाताचं हाड मिळालं. हैदराबादच्या पेशीय आणि रेण्वीय जीवशास्त्र केंद्रात त्याची तपासणी झाली. आईकडून येणारा यू१बी हा डीएनए गट त्यात आढळला. भारतीय उपखंडातल्या हजारो नमुन्यांत तो मिळाला नाही, जॉर्जियातल्या लोकांत मिळाला. २०२१ च्या जुलैमध्ये परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अवशेषांचा काही भाग तिबिलिसीला नेऊन जॉर्जियाच्या हवाली केला.

मी त्या सभागृहाच्या उघड्या चौकटीत उभी राहून उजवा हात कोणता ते मोजून पाहिलं आहे. अंगावर काटा आला. समुद्रापलीकडच्या राणीची अस्थी मूठभर साधूंनी शिराझहून इथवर जपून आणली आणि जागा लिहून ठेवली. ती लिहिणारा साधू आपल्याला नावानेही माहीत असायला हवा होता, असं मला तिथे फार वाटलं.

७. हरवलेल्या मठाच्या वस्तू दुसरीकडे सापडतात, तिथेही जावं

गोव्याच्या ऑगस्टिनियन मठाची प्रचंड घंटा आज पणजीच्या पायऱ्यांवरच्या चर्चमध्ये वाजते. आधी ती आग्वादच्या किल्ल्यावर होती, १८७१ मध्ये पणजीला आली. वसईचं तर आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असतं. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा मराठे घेऊन गेले. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, वाईजवळ मेणवलीला त्या टांगल्या गेल्या. देवळातल्या घंटेवर क्रूस कोरलेला पाहून थबकणाऱ्या माणसाला मी नेहमी सांगते, हिचा जुना पत्ता वसईचा आहे, तोही बघून या. लेस्टरमध्ये सतराव्या शतकातल्या बागेची वाट मठाच्याच नक्षीदार लाद्यांची केलेली आढळली. हेरिकच्या बागेत फिरणारे लोक साधूंच्या फरशीवरून चालत होते.

८. राजा सापडला की साधू मागे पडतात, म्हणून त्यांची नोंद आपण ठेवावी

लेस्टरच्या या मठातले साधू एकेकाळी राजकारणात सापडले होते. पदच्युत झालेला दुसरा रिचर्ड अजून जिवंत आहे असं म्हणत राहिल्याबद्दल १४०२ मध्ये इथल्या काही फ्रान्सिस्कनांना फाशी दिलं गेलं. तिसऱ्या रिचर्डला आपल्या वेदीजवळ जागा देणारे साधू त्यांचे वारस. हरलेल्या, जखमांनी भरलेल्या, नवा राजा शहरात असताना आणलेल्या प्रेताला त्यांनी चर्चच्या मानाच्या भागात पुरलं. खड्डा घाईचा होता, पण जागा घाईची नव्हती. ही करुणा मला त्या उत्खननातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते, आणि प्रदर्शनांत तिला एक वाक्यही क्वचित मिळतं.

२०१३ मध्ये पुन्हा खणलं तेव्हा वेदीच्या बाजूला दगडी शवपेटी मिळाली, तिच्या आत शिशाची पेटी आणि तिच्यात एका वयस्क स्त्रीचा देह. मठाला भरघोस दान देणारी कुणी असावी. ज्या मानाने तिला पुरलं तो राजालाही मिळाला नव्हता. तरी राजाबद्दल दहा जण विचारतात तेव्हा या बाईंबद्दल एखादा.

आपल्याकडेही हे साधू मध्ययुगातच पोहोचले होते. १३२१ च्या एप्रिलमध्ये ठाण्याला चार फ्रान्सिस्कन मारले गेले: टोलेंटिनोचा थॉमस, पडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि टिफ्लिसचा डिमेट्रियस. टिफ्लिस म्हणजे आजचं तिबिलिसी, केतेवानच्याच देशातलं. त्यांच्यासोबत आलेल्या जॉर्डनस या डॉमिनिकनाने देह सोपाऱ्याला नेऊन पुरले, आणि पुढे ओडोरिक हा फ्रान्सिस्कन प्रवासी ती हाडं जहाजाने थेट चीनपर्यंत घेऊन गेला. लेस्टरचा मठ तेव्हा भरात होता. सोपारा माझ्या माहेरापासून हाकेच्या अंतरावर, आणि हे मला कळलं इंग्लंडमधल्या वाचनालयात. वसईचे संत गोन्सालो गार्सिया मात्र आम्हाला लहानपणापासून माहीत. वसईत जन्मले, मनिलाला फ्रान्सिस्कन झाले आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर गेले. त्यांचा करडा झगा आणि लेस्टरच्या साधूंचा झगा एकाच पंथाचा, हे मी इथल्या मराठी मुलांना सांगते तेव्हा त्यांना लेस्टर जरा जवळचं वाटतं.

९. सगळं खणू नये

रिचर्डला २६ मार्च २०१५ ला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं. त्याला यॉर्कला न्यावं म्हणून काही जण न्यायालयात गेले होते, त्यांची मागणी २०१४ मध्ये फेटाळली गेली. २०१७ मध्ये मठाच्या जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. म्हणजे आता कुणी सहज कुदळ मारू शकत नाही. दुसऱ्या उत्खननात सापडलेल्या काही कबरी न उघडता तशाच ठेवल्या आहेत. सभामंडपाचा मोठा भाग अजून पार्किंग आणि इमारतींखाली आहे, आणि तो तिथे असलेलाच बरा. पुढच्या पिढीकडे आजच्यापेक्षा चांगली साधनं असतील. गोव्यात ढिगारा हटवणं भाग होतं, कारण पाऊस आणि झाडांची मुळं रोज काहीतरी खात होती. लेस्टरमध्ये डांबराने मठ झाकून ठेवला आहे.

आता माझ्या मनात रेवदंडा आहे. किल्ल्यातला सातखणी मनोरा सगळ्यांना माहीत आहे, चौलला जाणारे त्याच्याखाली फोटो काढतात. तो सेंट बार्बराच्या फ्रान्सिस्कन मठाचा मनोरा. भोवती नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत आणि त्यांच्या गडग्यांमध्ये घडीव दगड दिसतात. माझ्या भाच्याला मी सांगून ठेवलं आहे की पुढच्या वेळी कंपास आणि लांब फीत घेऊन ये. तो म्हणाला, "मावशी, मनोऱ्याची उंची मोजायची का?" उंची नाही. मनोरा चर्चच्या कुठल्या टोकाला उभा आहे ते आधी पाहायचं, मग सभामंडपाची लांबी धरायची आणि मग ओवरीचं अंगण कुठल्या वाडीत येतं ते त्या वाडीच्या मालकांना विचारून बघायचं.